कंपनीचा नव्हे, दुकानाचा कूलर
आमचे जुने घर धाब्याचे होते. मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचा थर, त्यामुळे मे महिन्यातही दुपारी आत डोळा लागत असे. ते पाडून स्लॅबचे घर बांधल्यावर मात्र दुपारी बारानंतर खोलीत बसवेना, आणि एप्रिलच्या मध्याला, जळगावचा पारा 43 अंशांच्या पुढे गेलेला असताना, मी अमळनेरजवळच्या आमच्या गावी आईसाठी कूलर घेऊन गेलो. पत्र्याची बॉडी, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी, किंमत सात हजार आठशे रुपये. असा कूलर खानदेशातील निम्म्या घरांत दिसतो.

नवव्या दिवशी आईने टाकीत पाणी ओतताना बॉडीला हात टेकवला आणि बादली हातातून सुटली. मी धावत गेलो तेव्हा ती ओसरीत बसून मला एवढेच म्हणाली, "भाऊ, याले हात लावू नको, झिणझिण्या येतस." टेस्टर लावला तर पत्र्याच्या प्रत्येक बाजूला दिवा लागत होता. अंगणातल्या ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या बाईला तेवढ्यावर निभावले, हे नशीबच म्हणायचे.

दुकानदाराला फोन केला. त्याचे पहिले वाक्य होते, "आप्पा, तुमच्याकडे अर्थिंग नसेल." दुसरे होते, "मोटर कंपनीची आहे, कंपनीच्या सेंटरला दाखवा." पहिल्या वाक्यात थोडे तथ्य होते, कारण गावातल्या अनेक घरांप्रमाणे आमच्याही घरचे अर्थिंग नावापुरतेच आहे. पण अर्थिंग चांगले नसेल तर बॉडीत उतरलेली वीज जमिनीत जात नाही. ती वीज बॉडीत मुळात उतरलीच कशी, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. ते उत्तर गावातल्या वायरमनने दहा मिनिटांत दाखवले. मोटरकडे जाणारी वायर पत्र्याला पाडलेल्या भोकातून आत नेली होती आणि त्या भोकाला रबरी रिंग बसवलेलीच नव्हती. पत्र्याची कापलेली धार पंखा सुरू झाला की थरथरायची आणि वायरीचे प्लास्टिक रोज थोडे थोडे कापत जायची. नऊ दिवसांत आतले तांबे उघडे पडले होते. दोन रुपयांची ती रिंग होती.

आता मोटर एका कंपनीची, पाण्याचा पंप दुसऱ्या कंपनीचा आणि बॉडी कुठल्या तरी फॅब्रिकेशनवाल्याकडची. हे सगळे जोडून कूलर तयार केला तो दुकानामागच्या गाळ्यात, दुकानदाराच्याच माणसांनी. मग "कंपनीकडे जा" म्हणजे नेमके कोणाकडे जायचे? मोटरीत दोष नव्हताच. दोष होता तो जोडणीत, आणि जोडणी दुकानाची.

याच प्रश्नावर ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मधील उत्पादन दायित्वाचे, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी कोणाची हे सांगणारे, प्रकरण वाचण्यासारखे आहे. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या या कायद्याने 1986 च्या जुन्या कायद्याची जागा घेतली. नुसत्या विक्रेत्यावर प्रत्येक दोषाची जबाबदारी तो टाकत नाही, आणि ते रास्तच आहे. सीलबंद खोक्यातल्या वस्तूच्या आत काय आहे हे दुकानदारालाही दिसत नसते. मात्र कलम 86 नुसार विक्रेत्याने वस्तूत फेरफार केला असेल, कंपनीपेक्षा वेगळी हमी स्वतःच्या तोंडाने दिली असेल, जोडणी किंवा तपासणी करताना वाजवी काळजी घेतली नसेल, अथवा वस्तूचा उत्पादक कोण हेच कळत नसेल, तर नुकसानीचे उत्तर त्याला द्यावे लागते. शिवाय सुटे भाग जोडून वस्तू तयार करणाऱ्यालाही हा कायदा उत्पादकच मानतो. म्हणजे आमचे शेठ विक्रेते म्हणूनही अडकत होते आणि उत्पादक म्हणूनही.

माझी चूकही सांगितली पाहिजे. पक्के बिल घेतले तर जीएसटी लागेल, असे शेठ म्हणाले आणि मी कच्च्या चिठ्ठीवर मान डोलावली. त्या चिठ्ठीवर मागच्या बाजूला "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असा शिक्का होता. हा शिक्का आपण इतक्या ठिकाणी पाहतो की तोच कायदा आहे असे वाटू लागते. प्रत्यक्षात बिल न देणे ही याच अधिनियमात अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे, आणि बिलावर लिहिलेल्या मुदतीत, किंवा तशी मुदत नसेल तर तीस दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीदेखील तशीच प्रथा आहे. पैसे यूपीआयने दिले होते, म्हणून तारीख, रक्कम आणि घेणाऱ्याचे नाव तरी माझ्या फोनमध्ये शिल्लक राहिले. रोख दिले असते तर ती चिठ्ठी घेऊन कोणापुढे उभा राहणार होतो?

वायरमन लगेच नवी वायर टाकायला निघाला होता, त्याला मी थांबवले. ग्राहकाने वस्तूत बदल केला किंवा तिचा गैरवापर केला, असे सिद्ध झाले तर विक्रेता सुटतो. म्हणून आधी भोकाचे, कापलेल्या वायरीचे आणि पेटलेल्या टेस्टरचे फोटो व चित्रण घेतले, आणि कूलर तसाच पोत्याने झाकून ओसरीत ठेवला.

त्यानंतर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि दुकानाला रजिस्टर पोस्टाने पंधरा दिवसांची नोटीस पाठवली. वकील लावला नाही. नोटीस दीड पानाची होती: काय घेतले, कधी घेतले, काय झाले, दोष कुठे आहे, मला काय हवे. शेवटी एक वाक्य मुद्दाम लिहिले होते, की तक्रार मी जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेच दाखल करीन. नव्या कायद्याने ही सोय दिली आहे आणि आमच्यासारख्यांना तिचा फार उपयोग आहे, कारण नाशिक-पुण्याहून किंवा ऑनलाइन वस्तू घेणाऱ्या नंदुरबारच्या माणसाला पूर्वी विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

हे सगळे शहरातल्या लोकांचे कायदे, असे आमच्याकडे अजूनही बोलले जाते. मला ते पटत नाही. कापसाचे बियाणे उगवले नाही म्हणून दुबार पेरणी करणारा शेतकरी हाही ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात स्पष्ट केले. पेरलेल्या बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासायला शेतकरी मागे ठेवील अशी अपेक्षा धरता येत नाही, हेही त्याच निकालात आले. तरीही दरवर्षी मृग सरला की पारावर ऐकू येते ते एवढेच, की कृषी केंद्रवाला म्हणतो, कंपनीशी बोला. पिशवी, तिच्यावरचा लॉट नंबर आणि पावती जपून ठेवून कृषी अधिकाऱ्यांकडून शेताचा पंचनामा करून घेणारे बोटांवर मोजण्याइतके. पिशवी तर बहुतेकांकडे पेरणीच्या संध्याकाळीच चुलीत जाते.

नोटीस पोहोचल्यावर अकराव्या दिवशी शेठचा फोन आला. सूर बदललेला होता. नवी मोटर बसवून देतो, म्हणाले. मी मोटर मागितलीच नव्हती. मग वायरिंग बदलून देतो, म्हणाले. आईच्या घरात तो कूलर पुन्हा चालू करायची माझी तयारी नव्हती. शेवटी वापराचे म्हणून पाचशे कापून सात हजार तीनशे परत करतो, असे त्यांनी सांगितले आणि मी ते मान्य केले. पाचशे सोडायला नको होते, असे माझा एक मित्र आजही म्हणतो, आणि त्याचे म्हणणे चूक नाही. पण मे सुरू झाला होता.

त्यांचा टेम्पो कूलर न्यायला आला, तेव्हा मी ड्रायव्हरसोबतच्या पोराला ते भोक दाखवले. जोडणी तोच करतो, असे बोलण्यातून कळले. एका दिवसात किती कूलर जोडतोस, असे विचारले तर म्हणाला, सीझनला मोजत नाही. रबरी रिंग का टाकली नाही, यावर त्याने सांगितले की डबा संपला होता आणि शेठ म्हणाले, चालेल.

दुसरा कूलर घेताना पक्के बिल घेतले. दुकानदाराने मागची ताटी काढून दाखवली, मी खाली वाकून वायर जिथून आत जाते तिथे बोट फिरवले, आणि रिंग होती.