५२ की ५८

रविवार, रात्री साडेअकरा

दिवसभर पावसाची रिपरिप. दुपारी जेवण आवरून प्रमोशनचा फॉर्म भरायला बसले, ती आत्ता उठतेय. चौदा वर्षांचे पेपर एका तक्त्यात बसवायचे: जर्नल, वर्ष, इम्पॅक्ट फॅक्टर (त्या जर्नलमधल्या पेपरांचा सरासरी किती वेळा हवाला दिला जातो तो आकडा), कितवं नाव, गुण. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांत हिशेब सरळ आहे. इम्पॅक्ट फॅक्टर एकच्या आत असेल तर १० गुण, एक ते दोनच्या दरम्यान १५, असं वाढत जाऊन दहाच्या वर ३०. दोनपेक्षा जास्त लेखक असले की पहिल्याला किंवा करस्पाँडिंग ऑथरला (पेपरबद्दलचा पत्रव्यवहार बघणाऱ्या लेखकाला) ७० टक्के, बाकीच्यांना प्रत्येकी ३०. त्या हिशेबानं कंदीलपुष्पांवरचा माझा पेपर साडेदहा गुणांचा झाला.

त्या पेपरला सहा पावसाळे लागले. कंदीलपुष्प म्हणजे सेरोपेजिया. फूल खरंच कंदिलासारखं असतं. माशी आत शिरली की नळीतल्या केसांमुळे काही वेळ अडकून पडते आणि सुटताना पराग घेऊन जाते. वेल दिसतो तो पावसाळ्यातच. कंद खाता येतो, त्यामुळे गुराखी पोरं तो उकरून खातात. सह्याद्रीतल्या काही जाती तर मोजक्या डोंगरांपुरत्याच उरल्यात. आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात त्या जपण्याचं मोठं काम झालंय. रानात मात्र एका वेलाचं एखादंच पान घ्यायचं, पिशवीत सिलिका जेलच्या ओल शोषणाऱ्या दाण्यांत ठेवायचं आणि पुढच्या वर्षी परत त्याच कड्यावर जायचं. अशा पानांतून डीएनए काढून, त्यातले ठरावीक तुकडे वाचून, कुठली जात कुठलीच्या जवळची हे आम्ही मांडलं.

गूगल स्कॉलरवर त्याची सायटेशन ७, म्हणजे सात पेपरांनी त्याचा हवाला दिलाय. आणि यादीत सगळ्यात वर आमचा चार पानांचा छोटा पेपर, जून पानांतून डीएनए कसा काढावा यावरचा. त्याची २१८.

याचं मला आता नवल वाटत नाही. जून पानातली पॉलिफेनॉल्स नावाची रसायनं डीएनएला धरून बसतात. ट्यूबच्या तळाशी पांढरे धागे दिसायच्या ऐवजी काकवीसारखा तपकिरी गोळा दिसतो आणि पुढे पीसीआर, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढायची प्रक्रिया, चालतच नाही. त्यावर आम्ही पॉलिफेनॉल्सना धरून ठेवणाऱ्या पीव्हीपीचं प्रमाण आणि धुण्याच्या पायऱ्या बदलून बघितल्या, जमलं, लिहून टाकलं. पान आंब्याचं असो की जांभळाचं, ही अडचण सगळ्यांना येते. पद्धतीच्या पेपरचं सगळीकडे असंच असतं. प्रथिनं मोजायची रीत सांगणारा लाउरींचा १९५१ चा पेपर तीन लाखांहून जास्त वेळा उद्धृत झालाय. वनस्पतींच्या डीएनएसाठी जो तो ज्याचा हवाला देतो, तो डॉयल आणि डॉयल यांचा १९८७ चा पेपर तर पाचच पानांचा, एका लहानशा बुलेटिनमधला. २०१४ मध्ये ‘नेचर’नं सर्वाधिक उद्धृत शंभर पेपरांची यादी काढली, तीत वॉटसन-क्रिक यांचा दुहेरी सर्पिलाचा पेपर नव्हता. कंदीलपुष्पांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळा जगात असतील किती? हवाला देणार कोण?

पण आज एच-इंडेक्सचा रकाना भरताना एक गोष्ट मनाला लागली. हर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ मध्ये हे माप मांडलं. माझा एच-इंडेक्स ९, म्हणजे निदान नऊ-नऊ वेळा उद्धृत झालेले माझे नऊ पेपर आहेत. सात सायटेशनचा पेपर त्यात येतच नाही. तो उद्या यादीतून काढून टाकला तरी आकडा नऊच राहील. सहा पावसाळे असले काय, नसले काय. हे कळल्यावर फॉर्म तसाच ठेवून गॅलरीत जाऊन उभी राहिले.

संध्याकाळी आण्णांचा फोन आला. गुऱ्हाळ बंद करून आता वर्षं झाली, पण आपला गूळ कुणाकडे गेला ते त्यांना अजून नावानिशी आठवतं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सातच म्हणतीस. पण ते सात कोण?”

मला सांगता आलं नाही. फोन ठेवला आणि सातही पेपर उघडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दोन आमचेच, पुढच्या कामाचे. तीन पेपरांत प्रस्तावनेतल्या एका वाक्यामागे सात-आठ हवाले, त्यांत आमचा एक. एक आढावा लेख, त्यात दोन ओळी. सातवा दक्षिण आफ्रिकेतला. तिकडे सेरोपेजियाच्या पुष्कळ जाती आहेत. त्यांनी आमचे प्रायमर (पीसीआरमध्ये कुठला तुकडा वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरलेत आणि पद्धतीच्या भागात लिहिलंय: मूळ पेपरात प्रायमर चिकटण्यासाठी दिलेल्या ५८ अंशांवर बँड (जेलच्या थरावर दिसणारा डीएनएचा पट्टा) आला नाही, तापमान उतरवत ५२ वर आणल्यावर स्पष्ट आला.

मी जुनी वही काढली. हिरवं कव्हर, पाण्यानं फुगलेली. माझ्याच अक्षरात ५२, खाली जेलचा फोटो चिकटवलेला. मग आमचा छापील तक्ता बघितला. ५८ हा त्याच्या वरच्या ओळीतल्या प्रायमर-जोडीचा आकडा, तोच खालीही उतरलाय. आम्ही चार लेखक, छापण्याआधी पेपर तपासणारे दोन रिव्ह्यूअर, कुणाच्याच लक्षात आलं नाही. त्या माणसानं किती ट्यूब वाया घालवल्या असतील! पीसीआर मशीनपाशी बसून एकेक अंश खाली येत त्यानं आमचं काम खरं करून दाखवलं, आणि तक्रारीचा सूर न लावता लिहिलं. या एका सायटेशनसाठी माझा जीव किती भरून आला ते मला लिहिता येत नाही.

त्याला मेल लिहिली, माफी मागितली, आभार मानले. जर्नलला दुरुस्तीचं पत्र लिहायला घेतलंय. फॉर्ममध्ये दुरुस्तीपत्राला रकाना नाही.

शुक्रवारचं अजून डोक्यात आहे. माझी पीएचडीची मुलगी आजऱ्याची. आपल्याकडच्या पोरींसारखंच ‘करतो, येतो’ असं बोलते: “मॅडम, मी याचे तीन पेपर करतो, मुलाखतीला आकडा बरा दिसेल.” मी नाही म्हणाले. काम एक, तर पेपर एक. मला अजूनही तेच बरोबर वाटतं. पण माझी नोकरी पक्की आहे, तिची नाही, आणि मुलाखतीत तिच्या कामाची जेल कुणी मागणार नाही. ती गप्प बसली, ते गप्प बसणं मला आवडलं नाही.

आत्ताच तिला मेसेज टाकलाय: उद्या दहाला ये, एक पत्र मिळून लिहायचं आहे, आणि तुझ्या तक्त्यातले सगळे आकडे वहीशी ताडून बघायचेत. तीन पेपरांचं त्यानंतर बोलू.

पावणेबाराला उत्तर आलं. “येतो मॅडम. वही आणतो.”