टाकी रिकामी, फरशी ओली

इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या आमच्या घरात डिसेंबर महिन्यात चार वाजताच अंधार पडतो आणि दोरी बांधावी अशी मोकळी जागा कुठेही नाही. रेडिएटरवर कपडे वाळवून भिंतीला बुरशी धरली, तेव्हापासून आमची सगळी भिस्त कंडेन्सर टंबल ड्रायरवर, म्हणजे कपडे वाळवून त्यांतले पाणी टाकीत साठवणाऱ्या यंत्रावर आहे. एका रविवारी त्याच्याखालून पाणी येऊन स्वयंपाकघरात थारोळे साचले.

कंपनीच्या हेल्पलाइनवर चाळीस मिनिटे संगीत ऐकल्यानंतर सल्ला मिळाला, की कंडेन्सर, म्हणजे वाफेचे पाणी करणारा भाग, धुवा. तो मी आधीच धुतला होता. तरीही पुन्हा खालचे झाकण उघडून, खटके फिरवून तो बाहेर काढला, शॉवरखाली धरला, रात्रभर निथळू दिला आणि त्याची रबरी पट्टी कुठे चिरली आहे का, हे बोटाने चाचपून पाहिले. पट्टी शाबूत होती आणि पुढच्या खेपेला पाणी तितकेच आले. दुसऱ्या फोनवरही तोच सल्ला मिळाला. तंत्रज्ञ हवा असल्यास अकरा दिवसांनी येईल, एवढी त्यात भर पडली. त्यांनी 'वरच्या टाकीत पाणी किती जमते?' एवढे जरी विचारले असते, तरी माझे तीन दिवस वाचले असते.

या यंत्रात ड्रममधली गरम, दमट हवा कंडेन्सरमधून जाते. खोलीतल्या थंड हवेने तिच्यातल्या वाफेचे पाणी होऊन ते तळाच्या खळग्यात उतरते आणि तिथला लहानसा पंप ते नळीवाटे वरच्या टाकीत चढवतो. एरवी एका खेपेत आमच्या टाकीत दोन-अडीच लिटर पाणी जमते; आता जेमतेम पेलाभर होते. पाणी तयार होत होते, पण वर चढत नव्हते. टाकी भरलेली असती, तर ती नीट आत बसली आहे का, एवढे पाहून भागले असते.

प्लग काढून यंत्र पुढे ओढले. मागच्या पत्र्याचे स्क्रू चांदणीच्या आकाराचे निघाले, त्यासाठी टॉर्क्सचा स्क्रू-ड्रायव्हर आणावा लागला. शेवटचा स्क्रू तर एका स्टिकरखाली दडला होता आणि तो सापडेपर्यंत मी पत्र्याशी व्यर्थ झटापट करत होतो. वायरी सोडण्यापूर्वी फोटो काढावेत. मी ते दुसरी वायर सोडल्यावर केले. मोटारीच्या कपॅसिटरला मात्र हात लावू नये, प्लग काढल्यानंतरही त्यात वीज साठलेली असू शकते. पंपाचा प्लास्टिकचा खटका मोडेल या भीतीने मी अर्धा तास नुसता बघत बसलो होतो. शेवटी तो अंगठ्याने दाबून पंप वर उचलला.

खाली जुन्या गोधडीतल्या कापसासारखा राखाडी, ओला लगदा होता. पंप चालू करणारा फ्लोट त्यात असा रुतला होता, की पाणी कितीही वाढले तरी तो वर उठणे शक्य नव्हते. मुलाला औषध पाजायच्या पिचकारीने खळग्यातले पाणी उपसले, लगदा चमच्याने काढला आणि नळीत फुंकर मारली, तर तिच्यातूनही बोटभर लांबीचा बोळा बाहेर पडला. दोष अर्थात माझाही होता: दारातल्या फिल्टरच्या जाळीला करंगळीच्या नखाएवढी फट होती आणि ती दिसत असूनही मी कित्येक महिने तशीच चालवून घेतली होती. आता नवा फिल्टर बसवला आहे.

सगळे जोडून यंत्र भिंतीशी लावण्यापूर्वी पाये फिरवून ते समतल करावे, नाहीतर पाणी खळग्यापर्यंत पोहोचत नाही. मी कंडेन्सरच्या पोकळीत अर्धा लिटर पाणी ओतले, कंडेन्सर बसवला, झाकण लावून ड्रायर सुरू केला आणि फरशीवर कोरडा टॉवेल अंथरून वाट पाहिली. काही मिनिटांत पंपाची घरघर ऐकू आली. टॉवेल कोरडा राहिला आणि टाकी ओढून पाहिली, तर तळाशी राखाडी, गढूळ पाणी आले होते.

अकराव्या दिवशी तंत्रज्ञ यायचा होता. ती भेट मी रद्द केली, आणि त्यासाठीही वीस मिनिटे तेच संगीत ऐकले.