टक्कल आणि चेंडू: शाहू स्टेडियमवर एआय कॅमेरा लावण्याआधी

पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस… पेठांच्या या फुटबॉल संघांचे सामने मोबाईलवर बघणारे कोल्हापुरात कमी नाहीत. चेंडूमागं आपोआप फिरणारा एआय कॅमेरा शाहू स्टेडियमवर लावायचं कुणाच्या मनात असेल, तर त्यानं आधी स्कॉटलंडमधला एक सामना बघून घ्यावा.

ऑक्टोबर २०२०. कोरोनामुळं इन्व्हर्नेसचं स्टेडियम रिकामं, सगळी भिस्त थेट प्रक्षेपणावर. एआय कॅमेऱ्यानं लाइन्समनच्या टकलालाच चेंडू समजून धरलं आणि तो पुन्हा पुन्हा तिकडंच वळत राहिला. जगभर हशा पिकला. पण हे का झालं ते समजून घेतलं, तर आपल्याकडं काय होईल हे आधीच सांगता येतं.

चेंडूचा व्यास साधारण २२ सेंटीमीटर. १०५ मीटरचं मैदान ३८४० पिक्सेल रुंदीच्या फोर-के चित्रात बसवलं, की चेंडूच्या वाट्याला येतात जेमतेम ८ पिक्सेल. फुल एचडीत ४. एवढ्याशा ठिपक्यात शिवण दिसत नाही, नक्षी दिसत नाही. उरतो गोल, उजळ डाग. माणसाचं डोकंही जवळपास तेवढंच, आणि उन्हात टक्कल मातकट चेंडूपेक्षा जास्त चमकतं. कॅमेऱ्यामागचं मॉडेल, म्हणजे चित्रातला चेंडू ओळखायला शिकवलेलं सॉफ्टवेअर, प्रत्येक डागाला चेंडू असण्याचे गुण देतं आणि जास्त गुण ज्याला, तिकडं कॅमेरा वळतो. पेनल्टी स्पॉट, पांढरे बूट, गॅलरीतल्या गांधी टोप्या, सगळेच उमेदवार.

खरी गंमत पुढं आहे. अशा चुका टाळायला सॉफ्टवेअरमध्ये एक नियम घालतात: सेकंदाला २५ फ्रेम असतील, तर जोरकस फटक्याचा चेंडूही दोन फ्रेममध्ये मीटर-सव्वा मीटरच सरकेल, त्याहून लांबचा डाग नाकारायचा. नियम बरोबर आहे. पण खेळाडूंच्या गर्दीत चेंडू दिसेनासा झाला आणि त्या वेळात टक्कल पकडलं गेलं, की हाच नियम उलटतो. लाइन्समन संथपणे सरकतो म्हणून तो पक्का ठरतो, आणि तीस मीटरवरचा खरा चेंडू ‘फार लांब’ म्हणून बाद होतो.

मग टचलाइनबाहेरचा भाग झाकून टाकू, असं कुणालाही सुचेल. गॅलरीपुरतं ते चालतं, टोप्यांचा प्रश्न मिटतो. कॅमेऱ्याच्या बाजूच्या लाइन्समनला मात्र ते लागू पडत नाही. कॅमेरा १२ मीटर उंचीवर आणि लाइन्समन २० मीटर लांब धरा. १.७ मीटर उंचीवरचं त्याचं डोकं चित्रात त्याच्या पायांपेक्षा सव्वातीन मीटर पुढं, म्हणजे थेट मैदानात दिसतं. त्यापेक्षा माणसंही ओळखणारं मॉडेल सोबत चालवावं. डाग एखाद्या माणसाच्या माथ्यावर अर्ध्या सेकंदाहून जास्त टिकला, तर त्याचे गुण कापायचे. हेडरला एवढा वेळ लागत नाही.

शटरचा वेग, म्हणजे एका फ्रेमसाठी उजेड आत घेण्याचा वेळ, हाताने ठरवा. संध्याकाळी उजेड उतरला, की ऑटो शटर १/५० सेकंदावर येतं आणि ताशी ९० किलोमीटरचा फटका ५० सेंटीमीटरची रेघ होऊन बसतो. १/५०० वर तीच रेघ ५ सेंटीमीटरची. चित्रात दाणे वाढतील, ते चालवून घ्यावं.

मॉडेलला आपल्याच मैदानाच्या दीड-दोन हजार फ्रेम दाखवा: दुपारच्या, सावलीतल्या, धुळीच्या. त्यात टकलं, टोप्या आणि पेनल्टी स्पॉट ‘चेंडू नाही’ म्हणून मुद्दाम घाला. बाजारातला तयार संच घेणार असाल, तर ही सोय आहे का, ते पैसे देण्याआधी विचारा.

एवढं केलं तरी लॅपटॉपवर एक माणूस बसवाच. कॅमेरा भरकटला, की त्याला एका बटणावर ताबा घेता आला पाहिजे. आणि अख्ख्या मैदानाचं न कापलेलं चित्र वेगळं साठवत राहा. म्हणजे ऐन गोलच्या वेळी कॅमेरा लाइन्समनकडं असला, तरी तो गोल त्यातून कापून मध्यंतरात दाखवता येईल.