जुन्या चाकांवर नवे बॉयलर

फ्लोरिडातील वॉल्ट डिझ्नी वर्ल्डच्या मॅजिक किंग्डम या उद्यानाला सुमारे दीड मैलाचा वळसा घालणारी जी आगगाडी धावते, तिच्याकडे बहुतेक पाहुणे एक मोठे खेळणे म्हणूनच पाहतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. रंगरंगोटी झगझगीत, पितळ घासून लख्ख केलेले, आणि शिट्टीही अगदी चित्रात शोभावी अशी. मात्र तिची चारही इंजिने फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्यात तयार झालेली आहेत. सर्वांत जुने १९१६चे, दोन १९२५ची आणि एक १९२८चे. उद्यानात येण्यापूर्वी त्यांनी मेक्सिकोच्या युकातान प्रांतात कित्येक दशके माल आणि माणसे ओढली. मी नोकरीची बहुतेक वर्षे एका सहकारी साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये काढली असल्यामुळे मुलीकडे अमेरिकेला गेलो की नातवंडे जिथे राजवाडा बघतात तिथे माझी नजर धुराड्याकडे जाते, आणि या इंजिनांची डागडुजी व चाचणी कशी होते याचे कुतूहल मला तेव्हापासून लागले आहे.

या इंजिनांचा शोध मुळात एका गरजेतून लागला. कॅलिफोर्नियातील डिझ्नीलँड १९५५ साली सुरू झाले, तेव्हा त्याची पहिली दोन इंजिने डिझ्नीने स्वतःच्या स्टुडिओत नव्याने बांधवून घेतली होती. फ्लोरिडातील उद्यानासाठी जुनी इंजिने विकत घेऊन दुरुस्त करावीत असे ठरले, आणि डिझ्नीच्या यंत्रशाळेचे प्रमुख रॉजर ब्रॉगी व त्यांचे सहकारी अर्ल विल्मर युकातानमधील मेरिदा शहरात पोहोचले. तिथल्या रेल्वेने आपली वाफेची इंजिने मोडीच्या आवारात उभी करून ठेवली होती. तीन फूट रुंदीच्या रुळांवर चालणारी, एकाच कारखान्यातली, एकाच देखभालीत वाढलेली चार इंजिने एका जागी मिळणे हा योगच म्हणायचा. १९६९ साली प्रत्येकी सुमारे ८,००० डॉलरना त्यांचा सौदा झाला आणि ती टॅम्पा येथील जहाजदुरुस्तीच्या गोदीत आणण्यात आली. जहाजदुरुस्तीची गोदी निवडण्यामागचे शहाणपण बॉयलरशी संबंध आलेल्या कोणालाही लगेच कळेल, कारण जाड पत्रा वाकवणारे, रिव्हेट ठोकणारे आणि मोठी लेथ चालवणारे कारागीर त्या काळी अशाच ठिकाणी एकत्र सापडत असत.

टॅम्पामध्ये इंजिने पार सुटी करण्यात आली. जुने बॉयलर बाजूला काढून लॉस एंजेलिसच्या डिक्सन बॉयलर वर्क्सकडून नवे बनवून घेतले, केबिन नव्या केल्या, टेंडर (इंजिनामागे जोडलेल्या तेल-पाण्याच्या गाड्या) नव्याने उभारले, आणि भट्ट्या तेलावर चालतील अशा केल्या. चाके, सांगाड्याचे भाग आणि चाकांना जोडणारे दांडे मात्र जुनेच राहिले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी उद्यान उघडले, त्या दिवशी ही गाडी धावत होती. इंजिनांना वॉल्टर ई. डिझ्नी, लिली बेल, रॉजर ई. ब्रॉगी आणि रॉय ओ. डिझ्नी अशी नावे देण्यात आली, त्यातले लिली बेल हे वॉल्ट यांच्या पत्नी लिलियन यांच्यावरून.

बॉयलर नवा, केबिन नवी, टेंडर नवे, मग जुने काय उरले, असा प्रश्न इतिहासप्रेमी मंडळी विचारतात आणि काहीजण तर या इंजिनांना नकलाच ठरवतात. मला हा आक्षेप पटत नाही. वाफेच्या इंजिनात बॉयलर हा पहिल्यापासून झिजणारा आणि बदलला जाणारा भाग मानला जात असे. मोठ्या रेल्वे कंपन्यांच्या कारखान्यांत एका इंजिनावरून उतरवलेला बॉयलर दुरुस्त होऊन दुसऱ्याच इंजिनावर चढे आणि त्याबद्दल कोणी कधी खंत केली नाही. काचेमागे ठेवलेले इंजिन जसेच्या तसे टिकते हे खरे, परंतु रोज वाफ धरणाऱ्या इंजिनाने जसेच्या तसे राहावे अशी अपेक्षा करणे म्हणजे त्याने काम करू नये असे म्हणण्यासारखे आहे.

आणि या इंजिनांचे काम हलके नाही. माणसांनी भरलेले डबे घेऊन दर काही मिनिटांनी थांबायचे, पुन्हा सुटायचे, हे सकाळपासून रात्रीपर्यंत चालते. शिवाय गाडी नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच फिरते, म्हणजे वळणे प्रामुख्याने उजवीकडची, आणि त्यामुळे बाहेरच्या म्हणजे डाव्या रुळाला घासणाऱ्या चाकांच्या कडा आधी झिजतात. सरळ मार्गावर जा-ये करणाऱ्या गाडीला हा त्रास इतका एकतर्फी होत नाही. साखर कारखान्याला गळीत हंगाम संपला की दुरुस्तीसाठी काही महिने हक्काचे मिळतात. बॉयलर थंड होतो, माणूस आत शिरतो, नळ्या तपासतो, आणि दिवाळीच्या आसपास अग्निप्रदीपनाचा समारंभ करून पुन्हा आग पेटते. उद्यानाला असा बंद हंगाम नाही. म्हणून चार इंजिने ठेवून ती आळीपाळीने कामावर लावायची आणि मोठ्या दुरुस्तीसाठी एखादे बाहेर पाठवायचे, अशी तिथली व्यवस्था आहे.

ही मोठी दुरुस्ती अलीकडच्या काळात पेनसिल्व्हेनियातील स्ट्रासबर्ग रेल रोडच्या यंत्रशाळेत झाली आहे. लँकेस्टर परगण्यातील ही छोटी रेल्वे १८३२च्या सनदेवर आजही चालते, स्वतःची वाफेची गाडी धावते ठेवते आणि त्याचबरोबर इतरांची इंजिनेही दुरुस्त करून देते. लिली बेल दीर्घ काळच्या दुरुस्तीनंतर २०१६च्या अखेरीस फ्लोरिडाला परतली, आणि पुढे रॉय ओ. डिझ्नी हे इंजिनही याच मार्गाने दुरुस्तीला गेले. आज वाफेच्या इंजिनाचा सुटा भाग कोणत्याही दुकानात मिळत नाही. तो ओतावा, घडावा किंवा लेथवर कातून काढावा लागतो, आणि असे करू शकणारी माणसे अमेरिकेतही मोजक्याच ठिकाणी उरली आहेत.

दुरुस्तीत सर्वांत आधी आणि सर्वांत कसून तपासला जातो तो बॉयलर. साखर कारखान्यातल्या बॉयलरमध्ये पाणी नळ्यांच्या आत आणि आग बाहेर असते. इंजिनात हे उलटे आहे. भट्टीतील तप्त वायू नळ्यांमधून पुढच्या धूरपेटीकडे जातात आणि पाणी नळ्यांभोवती उभे असते. भट्टी ही स्वतः एक पोलादी पेटी, तिच्याभोवती बाहेरची दुसरी पेटी, आणि दोन्हींच्या मधल्या फटीत पाणी. या दोन भिंती दाबाने एकमेकींपासून फाकू नयेत म्हणून शेकडो स्टे बोल्ट त्यांना आरपार धरून ठेवतात. बोल्टच्या मध्यात बाहेरून एक बारीक भोक पाडलेले असते. बोल्ट आत तुटला की त्या भोकातून पाणी किंवा वाफ झिरपू लागते आणि न दिसणारा मोड बाहेरून दिसतो. जुने कारागीर याखेरीज हातोडीने एकेक बोल्ट ठोकून आवाजावरूनही निदान करतात.

पत्र्याची जाडी आता ध्वनिलहरींच्या उपकरणाने मोजतात. बॉयलरच्या अंगावर खडूने चौकटी आखून प्रत्येक चौकटीतील जाडी नोंदवली जाते, आणि त्या आकड्यांवरून किती दाब सुरक्षित आहे याचे गणित नव्याने मांडले जाते. तळाशी, जिथे गाळ साठतो, तिथे पत्रा सर्वांत आधी खंगतो. पाणी जड असेल तर नळ्यांवर क्षारांचा थर बसतो, उष्णता पाण्यात नीट उतरत नाही आणि धातू नको तितका तापतो. म्हणून पाण्यावरील प्रक्रिया, रोजचा ब्लोडाउन (तळचे गाळाचे पाणी दाबाने बाहेर सोडणे) आणि ठरावीक काळाने बॉयलर आतून धुऊन काढणे ही कामे दिसायला कंटाळवाणी असली तरी बॉयलरचे आयुष्य त्यांच्यावरच अवलंबून असते.

यानंतर येते जलदाब चाचणी. बॉयलर पाण्याने काठोकाठ भरून, आतली सगळी हवा काढून, पंपाने दाब वाढवतात. अमेरिकेच्या संघीय रेल्वे नियमांनुसार तो कमाल कार्यदाबाच्या सव्वापट असतो. नवख्याला वाटते की ही चाचणी धोक्याची असणार, पण प्रत्यक्षात ती मुद्दाम सौम्य ठेवलेली आहे. पाणी जवळपास दाबले जातच नाही, त्यामुळे कुठे भेग असली तर थोडे पाणी झिरपते, दाब झरकन उतरतो आणि तेवढ्यावर निभावते. वाफेचे तसे नाही. दहा बार, म्हणजे वातावरणाच्या सुमारे दहापट, दाबाखालील पाण्याचे तापमान १८० अंश सेल्सिअसच्या वर असते, आणि बॉयलर फुटला की त्यातील काही भाग क्षणात वाफ होतो. वातावरणाच्या दाबाखाली पाण्याच्या वाफेला मूळ पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा लागते. जून १९९५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्ग येथे एका पर्यटक गाडीच्या इंजिनात पाण्याची पातळी खाली गेली, भट्टीचे छत उघडे पडून तापले आणि निकामी झाले. केबिनमधील तिघे कर्मचारी भाजले. त्या घटनेच्या चौकशीनंतर नियम नव्याने लिहिले गेले, आणि आता सार्वजनिक रेल्वे जाळ्याशी जोडलेल्या मार्गांवर प्रत्येक इंजिनाची १,४७२ सेवादिवसांनंतर किंवा पंधरा वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा, संपूर्ण उघडून तपासणी करावी लागते.

उद्यानांच्या बंदिस्त मार्गांना हा संघीय नियम लागू होत नाही. तिथे राज्याचे बॉयलरविषयक कायदे आणि विमा कंपनीचा निरीक्षक यांचे राज्य चालते. आमच्याकडे बाष्पके संचालनालयाचे निरीक्षक येणार म्हटले की सगळ्या बॉयलर हाऊसची धावपळ उडे. तिथेही फारसे वेगळे नसावे. तरीही, सूट असो वा नसो, माणसे बसवणाऱ्या प्रत्येकाने कडक असेल तो नियम पाळावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पाणी कमी पडलेल्या बॉयलरला आपण कोणत्या कायद्याखाली येतो हे माहीत नसते.

पहिली आग पेटवताना घाई चालत नाही. बॉयलर पुढच्या टोकाला सिलिंडरांच्या बैठकीवर घट्ट बसवलेला असतो आणि मागचे टोक सांगाड्यावर सरकू शकेल असे मोकळे ठेवलेले असते, कारण तापला की तो काही मिलिमीटर लांबतो. तो एका बाजूने तापला आणि दुसरीकडे गार राहिला तर नळ्यांची टोके सैल होतात. तेलाच्या इंजिनात आणखी एक अडचण असते. तेलाचा फवारा वाफेच्या झोताने उडवायचा, पण थंड इंजिनात वाफच नसते. म्हणून सुरुवातीला बाहेरून दाबाची हवा किंवा दुसऱ्या बॉयलरची वाफ जोडून घ्यावी लागते. दाब चढत गेला की पाणीकाच, इंजेक्टर (वाफेच्या जोरावर बॉयलरमध्ये पाणी ढकलणारे साधन) आणि प्रेशर गेज यांची तपासणी होते, आणि मग आग मुद्दाम वाढवून दोन्ही सेफ्टी व्हॉल्व्ह ठरलेल्या दाबावर उडतात का आणि कितीवर बसतात हे पाहतात. व्हॉल्व्ह उडतो तेव्हाचा आवाज सवय नसलेल्याला हादरवतो, जाणकाराला मात्र त्याने हायसे वाटते.

रुळावरची चाचणी प्रवाशांविना, उद्यान बंद असताना होते. इंजिन आधी एकटेच, अगदी सावकाश चालवतात, आणि थोड्या थोड्या अंतराने थांबून चाकांचा आस ज्यांत फिरतो त्या एक्सल बॉक्सना हात लावून पाहतात, कारण नव्याने बसवलेले पितळी बेअरिंग जागा धरेपर्यंत तापू शकते. त्यानंतर कान कामाला येतात. दोन सिलिंडर, प्रत्येकात दट्ट्यावर दोन्ही बाजूंनी वाफेचा मारा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात धुराड्यातून चार ठोके यायला हवेत, आणि ते चारही सारखे. एक ठोका दबका किंवा उशिरा आला तर सिलिंडरमध्ये वाफ सोडणाऱ्या व्हॉल्व्हची मांडणी चुकली आहे असे समजावे आणि पुन्हा शेडमध्ये जाऊन दांड्यांची लांबी जुळवावी.

डिझ्नीलँडमधील फ्रेड गर्ली हे १८९४चे बाल्डविन इंजिन मला या सगळ्यांत जवळचे वाटते, कारण त्याने लुइझियानात उसाच्या गाड्या ओढल्या. १९०२चे वॉर्ड किंबॉलही तिथल्याच उसाच्या मळ्यांतले. टेनेसीतील डॉलीवूड या उद्यानात मात्र कोळशाची इंजिने वर्षानुवर्षे डोंगर चढत आली, आणि त्यांपैकी क्लॉन्डाइक केटी हे १९४३चे इंजिन अमेरिकी सैन्यासाठी बनलेल्या अशा आराखड्याचे आहे, ज्याची मीटरगेज भावंडे त्याच युद्धकाळात बोटीने भारतात आली आणि एमएडब्ल्यूडी या नावाने आपल्या रुळांवर राबली. बाल्डविनशी आपला संबंध तेवढ्यावर थांबत नाही. भारतीय रेल्वेच्या टोकदार नाकाच्या डब्ल्यूपी इंजिनांपैकी पहिली सोळा १९४७ साली बाल्डविनकडूनच आली होती.

नव्या राइडच्या बांधकामासाठी मॅजिक किंग्डमची गाडी डिसेंबर २०१८ ते डिसेंबर २०२२ एवढा काळ बंद होती. बंद बॉयलर हा चालू बॉयलरपेक्षा लवकर बिघडतो, कारण आत उरलेला ओलावा आणि हवा मिळून पत्रा खात राहतात. तो एकतर पूर्ण कोरडा ठेवावा लागतो किंवा रसायन घातलेल्या पाण्याने गच्च भरून. त्यानंतर गाडी पुन्हा फिरू लागली. तुमचे जाणे झाले आणि गाडी चालू असली तर फॅन्टसीलँड स्थानकावर उतरा, कारण इंजिने तिथे पाणी घेतात. त्यामुळे सिलिंडर, दांडे आणि अंगावरची पाटी सावकाश पाहायला तेवढा वेळ मिळतो.