जुनी एसटी जपायची तर आधी पत्रा बघा

जुनी एसटी जपायची ठरली की जो तो आधी इंजिनात डोकं घालतो. ते नंतर. चासी, म्हणजे खालचा सांगाडा, टाटाची किंवा लेलँडची, तिचे भाग आज ना उद्या मिळतात. बॉडी मात्र महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा किंवा हिंगण्याच्या कार्यशाळेत बांधलेली. तिची खिडकीची चौकट कुठल्या दुकानात मागणार?

१ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेली पहिली बेडफर्ड लाकडी बॉडीची होती. पुढे अॅल्युमिनियम आलं, अलीकडे माइल्ड स्टील. बॉडी कुठली, हे बऱ्याचदा नंबरच सांगतो: एमएच-१४ दापोडी, २० चिकलठाणा, ४० हिंगणा. म्हणून नाशिकच्या सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकावर, नाशिकच्याच गाडीवर नाशिकचा १५ सहसा दिसत नाही.

अॅल्युमिनियम गंजत नाही हा अर्धवट समज. लोखंडी बोल्टला किंवा चासीवरच्या लोखंडी आडव्या पट्टीला ते टेकतं, तिथे पाणी साचलं की अॅल्युमिनियमच झिजतं. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात फिरलेल्या गाडीत मागच्या चाकावरची कमान आणि दाराच्या पायरीचा खालचा कोपरा आधी तपासा. रंगाला फोड आला असेल तर खरवडा. खाली पांढरी भुकटी निघाली की पत्रा गेला समजा.

तेवढाच तुकडा बदलायचा. रिवेटचं डोकं रिवेटच्याच मापाच्या ड्रिलने उडवा, उरलेलं पंचने ठोका. छिन्नी मारली की भोक लांबट होतं आणि नवा रिवेट ढिला बसतो. दोन धातूंमध्ये झिंक प्रायमर आणि रबरी पट्टी हवीच. तारेचा लोखंडी ब्रश नको, त्याचे कण पत्र्यात रुतून गंजतात. कॉस्टिक सोडा तर मुळीच नको, तो अॅल्युमिनियमच खातो.

रंग काढण्याआधी हातभर जागेत एकेक थर घासून बघा. १९८२ च्या दिल्ली एशियाडवरून नाव पडलेली हिरवी-पांढरी निमआराम गाडी जुनी झाली की लाल होऊन साध्या सेवेत जायची. खाली हिरवा निघाला आणि तुम्ही लालच मारला, तर जपलं काय?

गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर चाकांना लाकडी ठोकळे लावून हँडब्रेक सोडा, नाहीतर ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. ब्रेकच्या एअर टँकमध्ये साचलेलं पाणी काढा, दोन्ही बॅटऱ्यांच्या वायरी सोडा, डिझेलची टाकी भरलेली ठेवा. रिकाम्या टाकीत ओल धरते. आणि अॅक्सल घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, उचला, म्हणजे टायर एकाच जागी चपटे होणार नाहीत.