देवडीवरचा माणूस

सोमवार, रत्नागिरी

प्रेमकथा लिहिणारी बाई म्हटली की लोकांना वाटतं, हिचं काहीतरी 'प्रकरण' झालेलं असणार. आज गाडीतल्या शेजारणीनेही तेच विचारलं, जरा आडून. माझं प्रकरण म्हणजे कांदेपोहे, साखरपुडा, लग्न. पुढे ह्यांच्या बदल्या. बोचकी बांधायची, सोडायची, मुलांचे शाळेचे दाखले काढायचे. पण नव्या गावात गेलं की डबे लावून व्हायच्या आत मी एकच गोष्ट हेरायचे: इथे दोघांना भेटायचं झालं तर कुठे भेटतील आणि कोण भेटू देणार नाही? तेवढं कळलं की कादंबरी निम्मी झाली. प्रेमात काय, कोणीही पडतं. आड काय येतं ते मात्र गावागावाचं वेगळं असतं.

पहिली कादंबरी आगबोटीवर लिहिली. आगबोटीत मी स्वतः कधी पाऊल ठेवलेलं नाही, सगळं सासूबाईंच्या तोंडून ऐकलेलं. भाऊच्या धक्क्यावरून सुटायची, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण करत पणजीला. बहुतेक बंदरांत ती काठाला लागायचीच नाही. बाहेर समुद्रात उभी राहायची आणि पडावातून माणसं, ट्रंका, फणस असं सगळं वर चढवायचं. सासूबाईंना बोट लागायची, त्यामुळे त्यांच्या वर्णनात समुद्राची शोभा अजिबात नव्हती. खिशातलं लिंबू आणि शेजारच्याचं धोतर एवढंच होतं. मी ते जसंच्या तसं घेतलं. पावसाळ्याच्या तोंडाला बोटी बंद झाल्या की पुढे नारळी पौर्णिमेची वाट बघायची. गिरणीतला नायक तिकडे, नायिका इकडे. खलनायक घालायची गरजच पडली नाही, जून महिना पुरला.

1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, मागोमाग मोबाइल आले. लोकांचं भलं झालं, माझी पंचाईत झाली. भाची म्हणते, "मावशी, ब्ल्यू टिक दिसतेय आणि उत्तर येत नाही, याच्याहून मोठा अडथळा कुठला?" असेल बाई. मी लिहून बघितलं, चार पानांपुढे ओढेना. म्हणून मागच्या काळात शिरते.

मंगळवार

"थिबा पॅलेसला ना? तिथं काय नाय ओ बघायला. त्यापेक्षा गणपतीपुळ्याला जावा." रिक्षावाला मनापासून सांगत होता. मी हो हो म्हटलं.

ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1885 च्या नोव्हेंबरात मंडालेहून उचललं, मद्रासला ठेवलं आणि 1886 च्या एप्रिलात इथे आणून सोडलं. रत्नागिरीच का? रेल्वे नाही, पावसाळ्यात बोट नाही, मंडालेच्या माणसाला इथवर पोचणं मुश्कील. म्हणजे मी ज्याच्यावर कादंबरी बेतली त्याच्यावरच सरकारने कैद बेतलेली. हा वाडा तर 1910 साली उभा राहिला. 1916 च्या डिसेंबरात राजा गेला. लोक तिथे सहा वर्षं राहिलेल्या राजाची खोली बघतात, रंगीत काचा बघतात, मागची संगमरवरी बुद्धमूर्ती बघतात. मी फाटक बघायला आले होते.

राजाला चार मुली. थोरल्या दोघी मंडालेच्या, तिसरी मद्रासची, धाकटी इथलीच. बापाचा हट्ट असा की जावई राजरक्ताचाच हवा, आणि राजरक्ताचा बर्मी मुलगा रत्नागिरीत कुठून मिळणार? पोरी तिशीला टेकत आल्या. मग थोरलीचं मन दारावरच्या माणसावर जडलं, गोपाळ सावंतावर. दोघांना मुलगी झाली, टूटू. ही सगळी हकिगत वाडा बांधण्याआधीची, जुन्या सरकारी बंगल्यातली. त्यामुळे वाड्यातली अमुक खिडकी दाखवून "इथूनच ती त्याला बघायची" असं कोणी सांगू लागलं तर खुशाल मान डोलवावी आणि पुढे जावं.

राजकन्या आणि दरवान म्हटलं की लोक 'अगंबाई' म्हणतात. मला यात नवल वाटत नाही. आवाराच्या भिंती हेच जिचं जग, तिच्या जगात रोज बाहेरून आत येणारा माणूस किती जणांत मोजायचा? त्याच्या वहाणांना बाजारातली लाल माती असणार, अंगाला पावसाचा वास असणार. कोण मेलं, कोणाचं लग्न ठरलं, आंबे कसे शेकडा लागले, हे त्याला ठाऊक. ती प्रेमात पडली नसती तरच मला आश्चर्य वाटलं असतं. दुसरीनेही राजाच्या मागे आईची मर्जी मोडून एका बर्मी चिटणिसाशी लग्न केलं आणि पुढे कालिम्पाँगला संसार थाटला. तिची गोष्ट सरळ आहे, चांगली आहे. कादंबरीला नको.

थोरलीची सरळ नाही. 1919 मध्ये राणी लेकींना घेऊन परत मायदेशी गेली. थोरली काही वर्षांत टूटूला घेऊन रत्नागिरीला माघारी आली. 1947 मध्ये गेली, ती इथेच, हलाखीत. टूटू मराठीच बोलायची. तिची माणसं याच गावात आहेत, म्हणून ही गोष्ट मी लिहिणार नाही. देवडी तेवढी घेणार. गाव दुसरं, घराणं दुसरं.

बुधवार

सकाळी नगर वाचनालयात. 1828 चं, महाराष्ट्रातल्या सगळ्यांत जुन्यांपैकी एक. बसायला गेले ते जुने संदर्भ चाळायला, पण ग्रंथपाल बाईंनी माझीच आगबोट आणून पुढ्यात ठेवली. पाठकोऱ्या पुठ्ठ्याची बांधणी, मागच्या पानावर परतीच्या तारखांचे जांभळे शिक्के, एकावर एक. शेवटच्या प्रकरणात, नायक पडावातून उतरतो तिथे, समासात पेन्सिलने कोणीतरी लिहिलंय, "असं होत नाही." त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात, शाईने: "आमच्या आत्याचं झालं." एका पुरस्काराचं मानपत्र घरी आहे, ते मी पुन्हा कधी वाचलेलं नाही. हा समास तीनदा वाचला.

दुपारी जेवण झाल्यावर टिपणं काढून बसले आणि गाडी अडली. गोपाळ सावंत आधीच विवाहित होता. कालपासून मी हे वाक्य वळसा घालून जातेय. प्रेमकथेत अशा वेळी काय करायचं ते धंद्यात ठरलेलं आहे: बायको कजाग करायची, नाहीतर पहिल्या बाळंतपणात मारून टाकायची. मीही हे केलंय, दोन्ही. खपलंही. आज मात्र कामावरून उशिरा येणारा नवरा आणि त्याच्या बोलण्यात हळूहळू शिरत जाणारं ते मोठं घर, हे सारखं तिच्या बाजूनेच दिसायला लागलं. राजकन्या धूसर होत चालली.

संध्याकाळी प्रकाशकांना फोन केला. म्हटलं, नायिका देवडीवाल्याची बायको आहे.

"म्हणजे प्रेम कोणाचं?"

"तिचंही आहे. नवऱ्यावर."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, मुखपृष्ठावर मात्र राजकन्याच ठेवू." त्यांचंही बरोबर आहे, पुस्तक त्यांना विकायचंय.

उद्या जयगडला जाणार. तिचं घर खाडीपलीकडे ठेवायचं ठरतंय. तवसाळला जाणारी आत्ताची फेरीबोट काही कामाची नाही, तेव्हा होडीच असणार. पण भरतीचं पाणी किती चढतं, पलीकडच्या घरातला कंदील इकडून दिसेल का, शेवटची होडी चुकली तर खाडीला वळसा घालून पायी यायला किती वेळ लागेल, हे काठावर कोणी म्हातारं भेटलं तर विचारायचं आहे. सातची एसटी आहे म्हणतात. छत्री बाहेर काढून ठेवली.