छत्रीच्या सीझनला वारी

मी ठाण्याला जांभळी नाक्याजवळ फुटपाथवर छत्री, बॅग आणि चेनचं काम करतो, 19 वर्षं झाली. राहायला किसननगर. आमच्या धंद्यात आषाढी येते ती नेमकी सीझनात. जून-जुलैत कमवायचं आणि त्यावर दिवाळीपर्यंत ओढायचं. वडील गावाकडं पेरण्या उरकून दरवर्षी वारीला जायचे, मला मात्र पालखी टीव्हीवर बघायची आणि मान खाली घालून काड्या बसवायच्या.

2025 ला पाऊस 26 मे लाच मुंबईत आला. त्याआधीच्या 75 वर्षांत एवढा लवकर कधीच आला नव्हता. लोकांच्या छत्र्या अजून माळ्यावर, काढल्या तर काड्या गंजलेल्या, खटका अडकलेला, मी रात्री नऊ-नऊपर्यंत बसत होतो. हातात थोडे पैसे खेळले आणि मनात आलं की आता नाही तर परत नाही. माउलींचं प्रस्थान 19 जूनला. बायको म्हणाली जा, पण शाळा आत्ताच सुरू झाल्यात, 18-20 दिवस घरात रुपया येणार नाही त्याचं काय? मग मीच म्हणलं, हत्यारं संगं घेऊन जातो.

पक्कड, कटर, हातोडी, दोन जाड सुया एक बारीक, मेणाचा दोरा, साधा दोरा, तारेचं बंडल, पत्र्याच्या पट्ट्या, 40 काड्या, आणि चेनवर सरकतो तो रनर, 5 नंबर, 8 नंबर, 10 नंबर. सगळं एका काळ्या बॅगेत. बाकीचं सामान दिंडीच्या ट्रकमध्ये, पण ही बॅग खांद्यावरच, कारण ट्रक पुढं निघून जातो आणि काम रस्त्यात येतं. पुण्यापर्यंत काही वाटलं नाही. दिवे घाट चढताना मात्र प्रत्येक काडीचं वजन कळायला लागलं.

आमच्या दिंडीत एक काका आहेत, 30 वर्षांचे वारकरी, गळ्यात वीणा असली की बघत राहावं असा माणूस. सासवडच्या मुक्कामाला मी तंबूबाहेर प्लॅस्टिक अंथरून बसलो तर माझ्यापाशी येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "वारीत धंदा मांडलास होय रे?" मी खाली बघत राहिलो. रात्रभर झोप नाही. चहावाला येतो, गंध लावणारी पोरं येतात, पखवाजाच्या वाद्या ओढून देणारा येतो, त्यांना कुणी बोलत नाही, मग मलाच का. आणि खरं सांगायचं तर उलटंही वाटत होतं, की काका बरोबर असतील. हरिपाठ चालू असताना माझी नजर कुणाची बॅग उघडी राहिलीय तिकडंच जात होती.

मी माझ्यापुरता नियम केला. म्हातारी माणसं देतील ते घ्यायचं, नाही दिलं तरी चालेल. पुण्याची पोरं ट्रेकिंगच्या बॅगा घेऊन दोन दिवस चालायला येतात, त्यांना ठाण्याचाच रेट. चेन खराब झाली म्हणून लोक बॅग टाकून द्यायला निघतात आणि दहातल्या आठ वेळा चेन चांगली असते, रनरचं तोंड सैल झालेलं असतं. दोन्ही बाजूंनी पकडीनं हलकं दाबायचं, जास्त दाबलं की तुटतो, मग दातांवरून मेण फिरवायचं. दोन मिनिटांचं काम आहे. ते शिकवूनही द्यायचो, माझं गिऱ्हाईक गेलं तरी बेहत्तर.

सासवडहून जेजुरीला निघालो त्या दिवसाचं मला अजून सगळं आठवतं. ओल्या सँडलनं उजव्या टाचेला मोठा फोड आला होता, डाव्या अंगठ्याखाली दुसरा. यमाई शिवरीपर्यंत कसाबसा आलो. दिंडी जेवायला बसली आणि मी रस्त्याच्या कडेला लिंबाखाली तसाच पडलो. ऊन असं पडलं होतं जसा काही पाऊस कधी आलाच नव्हता. टाळांचा आवाज नको झाला होता. कुणी माउली म्हणलं की राग यायचा, आपण कशाला आलो, तिकडं नाक्यावर माझ्या जागेवर दुसरा बसून कमावत असेल, हेच डोक्यात.

तेवढ्यात एक आजी समोर उभी राहिली. डोक्यावर तुळस, हातात बाप्याची मोठी काळी छत्री, लाकडी मुठीची. बॅगेतून बाहेर आलेल्या काड्या दिसल्या असतील तिला. "छत्री करतूस का रं लेकरा?" मी उठलोच नाही, म्हणलं आजी, नंतर. ती गेली नाही. तुळस उतरून ठेवली आणि शेजारी बसली. परभणीकडची होती. छत्री मालकाची होती, ते जाऊन चार वर्षं झालेली, त्यांच्या मागं ती एकटी येते आणि छत्री आणते, ऊन असो नसो.

मग उठलो. आठातल्या दोन काड्या मधेच मोडलेल्या. नवी काडी घालायची तर कापड उसवावं लागलं असतं आणि ते कापड इतकं विरलं होतं की परत टाका धरला नसता. म्हणून मोडीवर पत्र्याची पट्टी बसवली, पकडीनं दाबून नळीसारखी केली आणि दोन्ही टोकांना तार आवळली. एका टोकाची टोपी निघाली होती ती बारीक सुईनं शिवली. अर्धा तास गेला. ती माझ्या हाताकडं बघत नव्हती, पायाकडं बघत होती.

छत्री दिली तशी म्हणाली, "आता ती सुई दे इकडं." मेणाचा दोरा तिनं बाजूला सारला, साधा पांढरा मागितला. सुईचं टोक माझ्या लायटरवर धरलं, पदरानं पुसलं, माझा पाय उचलून मांडीवर घेतला. मी पाय मागं ओढला, एवढ्या मोठ्या बाईच्या मांडीवर पाय कसा ठेवायचा, तर चापट मारली मला गुडघ्यावर. फोडाच्या एका बाजूनं सुई घातली, दुसऱ्या बाजूनं काढली, दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली. पाणी दोऱ्यावरून हळूहळू उतरायला लागलं. अंगठ्याचंही तसंच. कातडी फाडायची नाही, दोरा आपोआप पडतो, असं दोनदा सांगितलं. 19 वर्षं मी ती सुई धरतोय.

पैशाचं तिनं विचारलं नाही, मीही बोललो नाही. तुळस डोक्यावर घेतली आणि गेली.

जेजुरी, वाल्हे, नीरेचं स्नान, लोणंद, हे सगळं एकात एक मिसळलंय. तरडगावला माझी पक्कड हरवली. संध्याकाळी मुक्कामाला सगळ्या दिंड्या मिळून समाज आरती होते, तिथं चोपदारांनी चोप, म्हणजे हातातला दंड, वर केला आणि हजारो टाळ एका क्षणात थांबले. मग सापडलेल्या वस्तू पुकारायला लागले. चष्मा, पाकीट, मोबाईल, परत चष्मा. मी पुढं सरकत सरकत कान देऊन उभा होतो. पक्कड काही आली नाही. फलटणला 120 रुपयांची नवी घेतली, फार कडक होती, पंढरपूरपर्यंत हाताला बसली नाही.

नातेपुत्याहून घरी फोनवरून 2,000 पाठवले. बायकोनं उलट फोन करून विचारलं, जेवतोस ना नीट.

काका शेवटपर्यंत बोलले नाहीत. वाखरीला मी पाया पडलो, त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण बोलले नाहीत. मला ते अजून लागतं.

6 जुलैला एकादशी. कळसाचं दर्शन घेतलं. त्या दिवशी बॅग उघडायची नाही असं ठरवलं होतं. चंद्रभागेच्या वाळवंटात बसलो होतो तर एक जण पोराला कडेवर घेऊन आला, कुणी सांगितलं कोण जाणे, पाठीवरच्या बॅगेचा रनर पूर्ण गेलेला, कपडे खाली पडतायत. 5 नंबर माझ्याकडचे वाल्ह्यातच संपले होते. माझ्या काळ्या बॅगेला होता. तो काढला आणि त्याच्या चेनला चढवला. त्यानं 50 ची नोट पुढं केली, मी घेतली.

ठाण्यात खोपटला एसटीतून उतरलो तेव्हा हत्यारांच्या बॅगेचं तोंड सुतळीनं बांधलेलं होतं.